एसएसडी टाकली, तरी स्लोच

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार गेल्या काही वर्षांत बदलली. आधी लोक म्हणायचे, "लय हँग होतंय, फॉरमॅट मारून द्या." आता म्हणतात, "एसएसडी टाकली ओ, तरी स्लोच आहे." पहिल्या तक्रारीवरचा इलाज ठरलेला होता. दुसरीवर नसतो. प्रत्येक वेळी कव्हर उघडून बघावं लागतं, आणि मी या धंद्यात जे काही शिकलो त्यातलं बरंचसं या दुसऱ्या तक्रारीमुळे शिकलो.

माझं दुकान सांगलीत. गिऱ्हाईक म्हणजे हळदीच्या पेढ्यांवरचे दिवाणजी, सीएंच्या ऑफिसातली आर्टिकलशिप करणारी मुलं, डीटीपीवाले, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे, वकील, मास्तर आणि इंजिनिअरिंगची पोरं. यांतल्या कुणालाच एसएसडी नको असते. त्यांना टॅली लवकर उघडायला हवी असते.

हार्डडिस्क का रडते हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क असायची, बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. म्हणजे एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हेडला नेमक्या जागी सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर तबकडीवर इकडेतिकडे पसरलेले बारीक तुकडे वाचताना सेकंदाला साठ-सत्तर वाचनांत डिस्कचा दम संपतो. विंडोज चालू होताना असे हजारो तुकडे वाचले जातात. त्यात अँटिव्हायरस तपासणी काढून बसतो, मागून अपडेट सुरू होतं आणि पुढे बसलेल्या माणसाला जीएसटीची तारीख गाठायची असते. अडलंय कुठे हे बघायला टास्क मॅनेजर उघडावा, तर तोही सावकाश येणार आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दाखवणार.

एसएसडीत फिरणारं काही नाही. साधी, हार्डडिस्कच्याच जोडणीवर बसणारी साटा एसएसडीसुद्धा असे बारीक तुकडे सेकंदाला काही हजारांनी वाचते. खोक्यावर मात्र ही गोष्ट क्वचितच ठळक छापतात. तिथे मोठ्या अक्षरांत असतं ५५० एमबी, किंवा नव्या वेगवान जोडणीची एनव्हीएमई असेल तर ३५००, ७०००. हे आकडे एखादी मोठी फाईल सलग वाचतानाचे. मी गिऱ्हाईकासमोर क्रिस्टलडिस्कमार्क हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवतो आणि वरची ओळ झाकून सगळ्यात खालची दाखवतो, चार केबीचे तुकडे एकेक करून वाचण्याची. तिथे साटावाली तीस-चाळीस एमबी दाखवते आणि सहापट वेगाची म्हणून आणलेली एनव्हीएमई पन्नास-साठ. टॅली, वर्ड, ब्राउझर ही मंडळी त्या खालच्या ओळीवर जगतात. तेव्हा जुन्या लॅपटॉपला एनव्हीएमई बसत नाही म्हणून हळहळणाऱ्याला मी सरळ सांगतो, साटा घाला, दिवसभराच्या कामात फरक हाताला लागणार नाही. रोज व्हिडिओ हलवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

सुरुवातीच्या काळात हे सांगायची वेळच यायची नाही, कारण एसएसडी परवडायचीच नाही. २०११च्या शेवटी थायलंडमध्ये महापूर आला, तिथले हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात साध्या हार्डडिस्कचेच भाव भडकले. एसएसडी त्याहून महाग. १२० जीबीची घेणारा माणूस हौशी समजला जाई. एवढ्याशा जागेत सगळं मावायचं नाही, म्हणून कॅडी आली. डीव्हीडी ड्राइव्ह काढायचा आणि त्या खाचेत डिस्क बसवलेली पत्र्याची चौकट सरकवायची. एकाच्या जागी दोन डिस्क.

एक डीटीपीवाले काका असाच कॅडी बसवलेला लॅपटॉप घेऊन आले. दुसरीकडून करून घेतलेलं काम. लग्नपत्रिकांचा हंगाम तोंडावर, आणि कोरल उघडताना फॉन्टची यादी भरेपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा. मराठी फॉन्टच त्यांच्याकडे शेकड्यांनी होते. उघडून बघितलं. जुनी हार्डडिस्क मूळ जागेवर तशीच, विंडोज तिच्यावरच, आणि नवी कोरी एसएसडी कॅडीत 'डी ड्राइव्ह' होऊन बसलेली. तिच्यावर पत्रिकांच्या फायली. म्हणजे दिवसातून चार वेळा उघडायच्या फायली वेगवान डिस्कवर आणि दर मिनिटाला लागणारं सगळं धिम्या डिस्कवर. बसवणाऱ्यानं तसं का केलं हे कळण्यासारखं आहे. डीव्हीडीची खाच एका स्क्रूवर मोकळी होते, मूळ डिस्क काढायची तर कीबोर्डसकट अख्खा लॅपटॉप खोलावा लागतो.

मी दोघींच्या जागा बदलल्या. त्यालाही कारण आहे. कित्येक जुन्या लॅपटॉपांत डीव्हीडीच्या खाचेची लाईन मूळ खाचेपेक्षा हळू असते. मूळ जागेवर ५०० देणारी एसएसडी तिथे अडीचशेच्या आसपास अडकते. विंडोज आणि फॉन्ट एसएसडीवर आले, पत्रिकांचा साठा हार्डडिस्कवर गेला. काकांनी कोरल उघडून बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पैसे देताना म्हणाले, "हे आधीच्यानं का केलं नाही?" धंद्यातल्या माणसाबद्दल गिऱ्हाईकासमोर बोलू नये. मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.

त्या काळात आणखी दोन गोष्टी नडायच्या. एक बायोसमधली. जुन्या मशीनवर डिस्कची पद्धत 'आयडीई' लावलेली असायची. ती 'एएचसीआय' केल्याशिवाय एसएसडीला एका वेळी अनेक कामं अंगावर घेता येत नाहीत. आणि थेट बदलली की विंडोज निळा पडदा दाखवून बसणार. आधी सेफ मोड लावून मग बदलायची, ही युक्ती तेव्हा आमच्यात चहाच्या बदल्यात सांगितली जायची. दुसरी गोष्ट एक्सपीची. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करायची. एसएसडीच्या आतली पानं चार केबीच्या पटीत, आणि ही सुरुवात त्या पटीत बसत नाही. त्यामुळे एका पानाचं लिहिणं दोन पानांवर सांडायचं. विंडोज व्हिस्टापासून सुरुवात बरोबर १ एमबीवर होते, तो प्रश्न मिटला. पण जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल मारली की ते वाकडेपणही नकलेत येतं. म्हणून तेव्हापासून मी शक्यतो नवं विंडोज मारतो. वेळ जास्त जातो, टॅलीचं लायसन्स पुन्हा चालू करावं लागतं, प्रिंटर शोधावा लागतो. तरी नवंच.

मग टिपांचा काळ आला. एसएसडी स्वस्त झाली आणि तिला जपायचं कसं याच्या याद्या घराघरात पोचल्या. एक वकीलसाहेब स्वतः बसून सगळी यादी राबवून आले होते. लिहून लिहून एसएसडी झिजते हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून पेजफाईल बंद, हायबरनेट बंद, सर्च इंडेक्स बंद, ब्राउझरचा कॅशे हार्डडिस्कवर, आणि रोज रात्री कुठलंतरी साफसफाईचं सॉफ्टवेअर. रॅम चार जीबी. निकालपत्रांच्या पाच-सहा पीडीएफ आणि ब्राउझर एकदम उघडला की मेमरी कमी असल्याचा निरोप यायचा आणि अर्धवट टाईप केलेला अर्ज जायचा.

साहेबांना मी त्यांच्याच डिस्कची कुंडली दाखवली. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आजवर एकूण किती लिहिलं गेलं ते दिसतं. चांगल्या ५०० जीबीच्या साटा एसएसडीला कंपन्या ३०० टीबी लिहिण्याची हमी पाच वर्षांसाठी देतात. रोजच्या हिशेबात मांडलं तर दीडशे जीबीहून जास्त. साहेबांच्या ऑफिसचं रोजचं लिहिणं वीस जीबीसुद्धा भरत नव्हतं. हा हिशेब त्यांनी कागदावर करून बघितला, वकीलच ते. मग मी एकेक करून सगळं पूर्ववत केलं, रॅम आठ जीबी केली आणि ते साफसफाईवालं सॉफ्टवेअर काढून टाकलं. लॅपटॉप सुटला. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: यादीतली निम्मी कलमं विंडोज स्वतःच करतं आणि उरलेली करू नयेत. डीफ्रॅगचं तेवढं विचारतात सगळे. हार्डडिस्कसाठी ते ठीक होतं. आता विंडोजमधलं तेच 'ऑप्टिमाइझ'चं बटण समोर एसएसडी आहे हे ओळखून निराळं काम करतं, ट्रिम पाठवतं. ते आठवड्याचं वेळापत्रक चालू राहू द्यावं. बाहेरून आणलेलं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर मात्र नको.

ट्रिम म्हणजे काय हे समजावताना मला हरिपूरची पेवं उपयोगी पडतात. सांगलीच्या माणसाला पेव सांगावं लागत नाही; जमिनीतलं खोल कोठार, त्यात हळद साठवायची, आणि एकदा उघडलं की सगळी हळद बाहेर काढायची. एसएसडीतही तसंच आहे. लिहिताना ती पानापानानं लिहिते, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. त्या ब्लॉकात दहा पानं कामाची असतील तर ती आधी दुसरीकडे हलवायची, मग हा रिकामा करायचा. हलवायला मोकळी जागा असली तर हे काम मागच्या मागे होऊन जातं, वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. डिस्क काठोकाठ भरली की प्रत्येक लिहिण्याआधी ही हलवाहलव आडवी येते. आणि तुम्ही फाईल डिलीट केली हे डिस्कला आपोआप कळत नाही, ते कळवणं म्हणजे ट्रिम. न कळवलं तर बिचारी कचराही जपून हलवत बसते. विंडोज सातपासून ही सोय आहे. लिनक्सवाल्यांनी आठवड्याचा एफएसट्रिम चालू आहे ना, एवढं बघावं.

डिस्क भरण्याचं हे दुखणं सगळ्यात जास्त भोगतात फोटोवाले. लग्नसराईत एका स्टुडिओवाल्या भावांचा लॅपटॉप आला. एक टीबीची एसएसडी, मोकळी जागा बारा जीबी. म्हणाले, "घेतली तेव्हा विमान होती, आता बैलगाडी झालीय." त्यांच्या समोरच कॅमेऱ्याच्या कार्डांवरचं एक फोल्डर कॉपी करायला लावलं. कॉपीच्या खिडकीतला हिरवा आलेख सुरुवातीला चारशेवर होता. दोन-तीन जीबी गेले असतील, आलेख कड्यावरून पडावा तसा खाली आला आणि ऐंशीच्या आसपास सरपटत राहिला. कार्ड आणि कार्डरीडर दोन्ही धडधाकट होते.

यात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. स्वस्त डिस्कांत एका पेशीत चार-चार बिट कोंबलेले असतात, त्याला क्यूएलसी म्हणतात. असं लिहिणं मुळात हळू. म्हणून डिस्क आपल्याच मोकळ्या जागेचा एक भाग एका पेशीत एकच बिट या पद्धतीनं वापरते, आधी तिथे भराभर उतरवून घेते आणि सवडीनं पक्क्या जागी लावते. मोकळी जागा आटली की ही उतरवायची जागाही आटते. नव्या डिस्कवर चाळीस-पन्नास जीबी सलग धावणारा वेग भरलेल्या डिस्कवर दोन-तीन जीबीत संपतो. खोक्यावर ५२० छापलेलं असतं ते खोटं नसतं, किती वेळ ते मात्र लिहिलेलं नसतं.

भावांच्या डिस्कवर मागच्या दोन हंगामांची लग्नं तशीच पडून होती. ती बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवली, दीडशे-दोनशे जीबी मोकळी केली, ट्रिम चालवलं आणि लॅपटॉप रात्रभर चार्जरवर नुसता चालू ठेवला. झोपेत जाऊ दिला नाही. सकाळी तेच फोल्डर बरंच लांबपर्यंत चारशेनं गेलं. काही विकलं नाही, सुटा भाग लागला नाही. अशा कामाचे पैसे सांगताना आपलंच तोंड अवघडतं, पण आता मी सांगतो. स्टुडिओवाल्यांना माझं म्हणणं एवढंच असतं की पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवा, आणि व्हिडिओचं काम असेल तर चार पैसे जास्त घालून टीएलसीवाली, म्हणजे पेशीत तीनच बिट ठेवणारी, घ्या.

उन्हाळ्यात वेगळीच दुखणी येतात. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं पातळ लॅपटॉपमध्ये भारीतली एनव्हीएमई स्वतःच बसवली होती. गेम टाकताना आधी भन्नाट वेग, मग एकदम ढेपाळायचा, थोड्या वेळानं परत उठायचा. मे महिना, हॉस्टेलची खोली, लॅपटॉप गादीवर. तापमान बघितलं तर ८०च्या घरात. डिस्कमधली मुख्य चिप तापली की जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवते. खालच्या कव्हरला डिस्कच्या डोक्यावर उष्णता ओढणारं पॅड लावायची जागा त्या लॅपटॉपला होती, पॅड नव्हतं. दीड मिलिमीटरचं पॅड लावलं. पोरानं डिस्कवरचं स्टिकरही थंडाव्यासाठी खरवडून काढलं होतं. काही स्टिकरांत खाली तांब्याचा पापुद्रा असतो, तो उष्णता पसरवायलाच दिलेला असतो, आणि स्टिकर फाडलं की वॉरंटीही जाते. शिवाय त्याच्या लॅपटॉपचा स्लॉट जेन थ्रीचा आणि आणलेली डिस्क जेन फोर. चालते, पण निम्म्या वेगानं. त्यानं विचारलं, "मग पैसे पाण्यात?" अगदीच नाही, पुढच्या लॅपटॉपला उपयोगी पडेल म्हटलं.

या छोट्या एम डॉट टू डिस्कांनी आमचं काम हलकं केलं आणि घोटाळे वाढवले. रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०, दिसायला सगळ्या सारख्या. आत मात्र कुणी साटा, कुणी एनव्हीएमई. लॅपटॉपचा स्लॉट दोन्ही घेईलच असं नसतं. खाचेच्या जागेवरून थोडाफार अंदाज येतो, खात्री मॉडेल नंबरावरूनच करावी. बसवताना डिस्क तिरकी घालायची, कनेक्टरमध्ये पूर्ण गेली की हलकेच खाली दाबायची आणि शेवटी दोन मिलिमीटर जाडीचा इवलासा स्क्रू. हा स्क्रू कायम हरवलेला असतो. मी लोकांनी चिकटपट्टीनं दाबून ठेवलेल्या डिस्का बघितल्यात, घडी घातलेला कागद कोंबलेल्या बघितल्यात. लॅपटॉप दप्तरात हलतो, संपर्क निम्मा सुटतो, आणि मग "मधेच डिस्क दिसत नाही" म्हणून तक्रार. माझ्याकडे त्या स्क्रूंची एक डबी आहे. त्याचे पैसे घेत नाही.

फसवणुकीचंही सांगितलं पाहिजे. एका आजोबांनी नातवासाठी बाहेरून लावायची एसएसडी ऑनलाईन मागवली, १६ टीबी, किंमत दोन हजारांच्या आत. चमकदार डबी, वजनालाही जड. कॉपी केलेल्या फायलींची नावं दिसायची, उघडायच्या नाहीत. डबी उघडली तर आत एक छोटा बोर्ड, त्यावर मोबाईलचं मेमरी कार्ड आणि वजनासाठी लोखंडाची पट्टी. बोर्डाला १६ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की तो जुन्यावरच लिहितो. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं, त्यात चोरी पकडली जाते. आजोबांना दुःख पैशांचं नव्हतं. त्यात त्यांनी बायकोच्या पंचाहत्तरीचे फोटो ठेवले होते. सुदैवानं मूळ मोबाईलमध्ये ते होते.

इथून पुढचं मी मुद्दाम सांगतो, कारण वेगाच्या गप्पांत ते राहून जातं. हार्डडिस्क जाताना बहुधा कुरकुर करते. टकटक आवाज येतो, फायली उघडायला वेळ लागतो, शहाणा माणूस बॅकअप घेतो. एसएसडी काल चालते आणि आज नसते. आमच्या भागात त्याचं एक कारण म्हणजे बॅटरी. लॅपटॉपची बॅटरी मेली की लोक ती काढून ठेवतात आणि मशीन थेट अडॅप्टरवर चालवतात. लाईट गेली की फटकन बंद. कुठलं पान कुठे ठेवलंय याचा नकाशा डिस्क आत लिहीत असते. नेमका तेव्हा करंट गेला आणि नकाशा बिघडला, की डिस्क आपली साईज शून्य दाखवते किंवा कंपनीचं नाव विसरून आतल्या चिपचं कारखान्यातलं नाव सांगू लागते. एका ई-सेवा केंद्राच्या ताईंची अशीच गेली. दाखल्यांचे स्कॅन सगळे तिच्यावर. बाराशे-पंधराशेची बॅटरी टाळली होती. आता एसएसडी बसवायच्या आधी मी बॅटरी बघतो, आणि मेलेली असेल तर निदान यूपीएसवर चालवा म्हणून मागे लागतो.

डिलीट झालेल्या फायलींचंही तसंच. हार्डडिस्कवरून चुकून उडालेलं फोल्डर आम्ही कित्येकदा परत काढून दिलंय. लोकांना वाटतं एसएसडीवरूनही निघेल. ज्या ट्रिममुळे तिचा वेग टिकतो तेच ट्रिम उडवलेल्या फायलींची जागा थोड्या वेळात साफ करून टाकतं. रिसायकल बिनमधूनही गेलं असेल तर मी खोटी आशा लावत नाही. शिवाय आता नव्या लॅपटॉपांत विंडोज डिस्कला आपोआप कुलूप घालतं, बिटलॉकरचं. मदरबोर्ड गेला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते आणि खातं सहसा दुकानदारानं विक्रीच्या दिवशी काढून दिलेलं असतं, पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. बसवून देताना ती किल्ली कागदावर लिहून द्यायची सवय मी लावून घेतलीय.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ची. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळी बाजारपेठ पाण्यात. पाणी ओसरल्यावर लोक गोणपाटात, बादलीत लॅपटॉप घेऊन येऊ लागले. कीबोर्डच्या फटीतून गाळ गळायचा. मशीनचं काही व्हायचं नव्हतं, हिशेब मिळाले तर हवे होते. हार्डडिस्कला झाकणावर हवेचं एक बारीक भोक असतं, दिवसदिवस पाण्यात राहिलेल्या डिस्कांत तिथून पाणी शिरलं होतं. त्या आम्ही उघडल्या नाहीत. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांकडे पाठवल्या, खर्च ऐकून काहींनी परत मागवल्या. एसएसडी आत नुसता बोर्ड. कव्हर काढून डिस्टिल्ड वॉटरनं गाळ धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ ब्रशनं चिपच्या पायांमधून. पंख्याखाली दोन दिवस. भिंगाखाली बघायचं, कुठे हिरवट गंज धरलाय का. पाणी शिरलं तेव्हा बंद असलेल्या डिस्कांनी बऱ्याच वेळा डेटा दिला. "चालतोय का बघूया" म्हणून मालकानं ओलाच चालू केलेला लॅपटॉप असेल तर आशा कमी. एका हळदीच्या अडत्यांची पाच वर्षांची टॅली मिळाली तेव्हा ते पेन ड्राइव्ह हातात धरून बराच वेळ दुकानातच बसले होते. बाहेर रस्त्यावर भिजलेल्या वह्यांचे ढीग होते.

पुढच्याच वर्षी लॉकडाऊन. शाळा मोबाईलवर आणि माळ्यावरचे जुने लॅपटॉप खाली. सात-आठ वर्षांपूर्वीचे आयथ्री, चार जीबी रॅम. २४० जीबीची साटा एसएसडी आणि आणखी चार जीबी रॅम, एवढ्यात ते वर्गाला बसायच्या लायकीचे व्हायचे. त्या दिवसांत केलेली कित्येक मशीनं अजून चालू आहेत. आता त्यांची अडचण वेगळी. विंडोज टेनचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इलेव्हन त्यांना अधिकृतपणे चालत नाही. काहींवर लिनक्स मिंट टाकून देतो. मास्तर लोकांना ते चालतं. टॅलीवाल्यांना चालत नाही.

हल्ली मला जास्त काळजी वाटते ती उघडताच न येणाऱ्या लॅपटॉपांची. स्वस्तात मिळतात त्यांत ६४ जीबीची ईएमएमसी मदरबोर्डवरच डाकलेली असते. विंडोज आणि त्याची अपडेटं मिळूनच ती भरत येते, मग भरलेल्या डिस्कची सगळी दुखणी पहिल्या वर्षातच. महागातल्या काही पातळ मॉडेलांतही एसएसडी बोर्डावर डाकलेली असते. वेगात ती झकास, पण भरली की भरली. तिथे माझ्या पेचकसाला काही काम नाही.

परवा एक बाई मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला निघाल्या होत्या, जाता जाता विचारायला आल्या, "२५६ पुरेल का ओ? पाचशेबाराला सहा हजार जास्त सांगतायत." मुलगी आर्किटेक्चरला. मी म्हटलं, दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: डिस्क स्क्रूनं बसवलेली आहे की बोर्डावर डाकलेली, आणि आत एक रिकामा एम डॉट टू स्लॉट आहे का. स्लॉट असेल तर २५६ घ्या, तिसऱ्या वर्षाला माझ्याकडे या. नसेल तर सहा हजार आताच द्या. त्यांनी ते मोबाईलवर टाईप करून घेतलं आणि 'डाकलेली'ला इंग्रजीत काय म्हणायचं ते विचारलं. संध्याकाळी दुकानातून फोन आला, सेल्समनला स्लॉटचं सांगता येत नव्हतं. मॉडेल नंबर पाठवा म्हटलं, बघून सांगतो.